बुरशी रक्तातून फुटत नाही: ग्रुपवर फिरणाऱ्या ‘एकवीस दिवसांच्या’ मेसेजला उत्तर

हा मेसेज आधी तालमीच्या ग्रुपवर आला, मग गल्लीतल्या मंडळाच्या. शेवटी मावशीनं ‘तुझ्याच विषयातलं आहे, बघ की जरा’ म्हणून मलाच पाठवला. विषय माझा आहे हे खरं. कोल्हापुरात कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि बुरशीच्या स्लाइड बघण्यात बरीच वर्षं गेली आहेत. डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाची चिठ्ठी माझ्याकडून मिळणार नाही. पण विज्ञानाच्या नावाखाली जे खपवलंय त्याची झाडाझडती घेता येते.

हात जोडलेले इमोजी आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’ काढून टाकलं तर मेसेज असा आहे:

“नायटा, गजकर्ण, शिबं, चिखल्या, पिवळी नखं, तोंडातला पांढरा थर आणि कोरोनातली काळी बुरशी हे सगळं एकच. रक्त अशुद्ध झालं की आतली बुरशी बाहेर फुटते. साखर, गूळ, इडली, ब्रेड एकवीस दिवस बंद करा, बुरशी उपाशी मरेल. वरून लसूण वाटून बांधा किंवा तालमीची तांबडी माती लावा. खाज फारच असेल तर मेडिकलमधून चार औषधांचं एकत्र मलम आणा, तीन दिवसांत आराम. डॉक्टरच्या गोळ्या घेऊ नका, लिव्हर जातं. कांद्यावर काळी पूड दिसली तर कांदा फेका, तीच काळी बुरशी. उसाचा पाला लागून डोळा लाल झाला तर घरातले जुने ड्रॉप टाका.”

“हे सगळं एकच”

बाकीच्या चुका या एका वाक्यातून निघाल्यात, म्हणून इथं जरा थांबतो.

अंगावरचा गोल, कडेनं लाल, खाजणारा चट्टा म्हणजे नायटा किंवा गजकर्ण. तो होतो ट्रायकोफायटॉन आणि तिच्या जवळच्या एक-दोन कुळांतल्या बुरशींमुळं. त्यांचं खाद्य केराटिन, म्हणजे आपल्या त्वचेचा वरचा मेलेला पापुद्रा, केस आणि नखं ज्याची बनतात ते प्रथिन. खालच्या जिवंत थरात त्यांना सहसा शिरता येत नाही, म्हणून त्या वरच्या वर चरत बाहेरच्या बाजूला सरकतात. मधला भाग निवळलेला दिसतो आणि कड पेटलेली राहते ती त्यामुळंच. नमुना घेताना कडेचाच खरवडायचा असतो. मधोमध खरवडलं तर बऱ्याचदा स्लाइडवर काहीच सापडत नाही. पायाची नखं पिवळी आणि जाड करणारीही बहुतेक वेळा हीच मंडळी. मात्र बिघडलेलं दिसणारं नख साधारण निम्म्या वेळाच बुरशीचं असतं. बाकीच्या वेळी बुटाचा मार असतो, सोरायसिस असतो, नाहीतर नुसतं वय.

शिबं वेगळी. छातीवर, पाठीवर, खांद्यावर फिकट किंवा तपकिरी ठिपके येतात ते मॅलेसेझिया नावाच्या यीस्टचे, म्हणजे एकपेशीय बुरशीचे. ती कुणाकडून लागत नाही. जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर ती असतेच, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्याच्याही. स्वतःला लागणारी स्निग्ध आम्लं तिला बनवता येत नाहीत, त्यामुळं ती आपल्या त्वचेतून झरणाऱ्या तेलावर जगते. प्रयोगशाळेत वाढवायची म्हटलं तर माध्यमावर ऑलिव्ह तेल घालावं लागतं! उकाडा आणि घाम वाढला की ती फोफावते, आणि तिच्यातून निघणाऱ्या आम्लांमुळं त्वचेत रंग बनायचं काम मंदावतं. औषधानं यीस्ट मेली तरी पांढरे डाग पुढं कित्येक महिने राहतात ते यामुळं. रंग परत यायला वेळ लागतो. लोकांना वाटतं औषध लागू पडलं नाही, आणि मग ते दुसरं मलम शोधायला बाहेर पडतात. डोक्यातल्या कोंड्यामागंही हीच यीस्ट आहे.

तोंडातला पांढरा थर कँडिडा नावाच्या दुसऱ्या यीस्टचा. ती निरोगी माणसाच्याही तोंडात, आतड्यात, योनिमार्गात थोडीफार असते. शेजारचे जिवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकचा जोरदार कोर्स झाला, मधुमेह हाताबाहेर गेला, दम्याचा स्टेरॉइड पंप ओढून चूळ भरली नाही, कवळी रात्रभर तोंडात राहिली, की तिला रान मोकळं. दिवसभर पाण्यात हात घालून भांडी घासणाऱ्यांच्या नखांच्या कडेला जुनाट सूज असते, त्यातही ती सापडते.

आणि काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस. रायझोपस आणि तिच्या भाऊबंदांचं काम. वरच्या तिन्हींशी तिचं नातं फार लांबचं.

सगळ्या एकच असत्या तर एका औषधानं सगळ्या मेल्या असत्या. प्रत्यक्षात टर्बिनाफिनची गोळी नायट्यावर चालते, शिब्यांवर चालत नाही. फ्लुकोनॅझोल कँडिडाला आवरतं, म्युकरला त्याचं काहीही वाटत नाही. अँटिबायोटिक तर यांतल्या कुठल्याच बुरशीला लागत नाही, कारण बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जास्त जवळची आहे. बुरशीवरची औषधं मोजकीच असण्याचं मोठं कारणही तेच: बुरशी मारायची आणि शेजारची माणसाची पेशी वाचवायची, ही कसरत अवघड.

यादीत भलतीच पाहुणीही घुसली आहेत. चिखल्या घ्या. गगनबावड्यात, राधानगरीत, शाहूवाडीत भाताची रोप लावण करताना पाय दिवसदिवस चिखलात राहतात, बोटांमधली कातडी पांढरी पडून फाटते, मग तिथं बुरशीही येते आणि जिवाणूही. पाय कोरडे राहिले नाहीत तर नुसत्या बुरशीच्या मलमानं भागत नाही. मेसेजमध्ये नसली तरी लोक खरूजही यातच धरतात. ती तर बुरशी नाहीच, तो कातडीत बीळ करणारा किडा आहे. रात्री खाज वाढते, घरात एकाला झाली की सगळ्यांना होते, आणि औषधही सगळ्यांनी एकदम लावावं लागतं. सगळ्यात महत्त्वाचं: फिकट किंवा तांबूस चट्टा खाजत नसेल आणि तिथं टाचणी लावलेली कळत नसेल, तर बुरशीचा विचार सोडा आणि सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. उपचार फुकट आहेत आणि वेळेत घेतले तर हातपाय शाबूत राहतात. असा चट्टा ‘शिबं’ म्हणून महिनोन्‌महिने मलमाखाली झाकणं फार महागात पडतं.

“रक्त अशुद्ध झालं की आतली बुरशी बाहेर फुटते”

रक्तात बुरशी सापडते. पण ती सापडते अतिदक्षता विभागात, शिरेत बरेच दिवस नळी असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णाच्या. तेव्हा ताप हटत नाही, रक्तदाब कोसळतो, जीव टांगणीला लागतो. कँडिडा ऑरिस ही अशा वॉर्डांमधली आजची मोठी डोकेदुखी; २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून ती पहिल्यांदा ओळखली गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्यातल्या १९ पैकी सर्वांत वरच्या गटात चार आहेत आणि त्यांत ऑरिस आहे. ज्याच्या रक्तात बुरशी आहे तो जांघ खाजवत मिसळ खायला आलेला नसतो.

नायटा बाहेरून येतो. कुणाच्या तरी अंगावरून, टॉवेलवरून, न वाळलेल्या जीन्समधून, जनावरावरून. हे शेवटचं आपल्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही, कारण दारोदारी दुभती जनावरं आहेत. वासराच्या डोळ्याभोवती किंवा मानेवर राखाडी जाड खपल्यांचे गोल दिसले तर ती ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम असू शकते. ती धार काढणाऱ्याच्या हातावर, दाढीत आणि पोरांच्या डोक्यात येते आणि मोठी पुवाळलेली गाठ करते. गळू समजून ती फोडतात, आणि तिथले केस कायमचे जातात. डोक्यातल्या नायट्याला मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं.

खरं तर आपलं शरीर बुरशीशी बरंच नीट लढतं. जगात बुरशीच्या लाखाच्या वर जाती नोंदल्या गेल्यात, माणसाला त्रास देणाऱ्या त्यांतल्या काही शेच. ३७ अंशांची ऊब बहुतेकींना सोसत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण.

“साखर, गूळ, इडली, ब्रेड बंद करा”

गुळाच्या गावात येऊन गूळ बंद करा म्हणणं हे धाडसच म्हणायचं. नायट्याची बुरशी केराटिन खाते, शिब्याची तेल खाते. तुमच्या चहातल्या साखरेशी दोघींचंही देणंघेणं नाही. गूळ सोडला तरी रक्तातली साखर शरीर आपल्या मर्यादेत राखतंच. ब्रेडमधलं यीस्ट भट्टीतच मरतं आणि ते कँडिडा नव्हेच. इडलीचं पीठ तर मुख्यतः जिवाणू फुगवतात.

या मुद्द्यात खऱ्याचा अंश एवढाच: मधुमेह ताब्यात नसेल तर कँडिडा आणि म्युकर दोन्हींचा धोका खरोखर वाढतो. त्यावर उपाय शुगर ताब्यात आणणं, एकवीस दिवसांचा उपास नव्हे. मधुमेहाची औषधं चालू असताना अचानक खाणं तोडलं तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस भोवळ येऊन पडेल. जाता जाता आणखी एक. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या सुरू झाल्यावर काहींना जननेंद्रियावर खाज आणि पांढरा थर येतो, तो कँडिडाचा. लाजेपोटी लोक हे सांगत नाहीत आणि परस्पर गोळीच सोडून देतात. डॉक्टरांना सांगा, त्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

“लसूण बांधा, तांबडी माती लावा”

लसणातली द्रव्यं काचेच्या बशीत बुरशीची वाढ थांबवतात, हे खरं. बशीला कातडी नसते. कच्चा लसूण वाटून रात्रभर बांधला की चक्क भाजल्यासारखे फोड येतात, जांघेत तर विचारूच नका. टाकळ्याच्या कुळातल्या दादमर्दनाच्या पानांचं मात्र मला कौतुक आहे, नायट्यावर ती जुनी ओळखीची वनस्पती आहे. पण ताज्या पाल्यात औषध किती आणि चट्टा किती खोल याचा ताळमेळ लागत नाही. त्यापेक्षा बेंझोइक आणि सॅलिसिलिक आम्लाचं व्हिटफील्डचं जुनं मलम परवडलं. ते स्वस्त आहे, प्रमाण ठरलेलं आहे, आणि लहान चट्ट्यावर अजूनही काम करतं.

आता माती. यावर बोललं की आपल्याकडं भावना दुखावतात. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींचं हे गाव. हौद्यातली माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून कशी मुरवतात हे इथल्या पोरांना पाठ असतं. त्या मातीबद्दल मलाही प्रेम आहे. पण माती ही बुरशीचं घर आहे. केराटिन खाणारी एक बुरशी मातीतच राहते, आणि ती शोधायची १९५२ सालापासूनची पद्धत अगदी सोपी आहे: ओलसर मातीवर निर्जंतुक केलेले केस पसरून ठेवायचे आणि काही आठवडे वाट बघायची. केसांवर पांढरी लव आली की बुरशी सापडली. हळद-ताकानं मुरवलेली मातीसुद्धा निर्जंतुक होत नाही. सोललेल्या, खाजवून फाटलेल्या चट्ट्यावर ती चोळणं म्हणजे जिवाणूंना आवतण.

तालमीत नायटा पसरतो तो मुख्यतः मातीमुळं नाही. अंगाला अंग घासतं, एकाचा लंगोट दुसरा घालतो, एका टॉवेलला चौघं अंग पुसतात, यामुळं पसरतो. कुस्तीगिरांच्या नायट्याला वैद्यकात वेगळं नावच आहे, टिनिया ग्लॅडिएटोरम. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत अंगावर नायटा असलेल्या मल्लाला किमान ७२ तास मलम लावल्याशिवाय आणि डोक्यात असेल तर दोन आठवडे गोळ्या घेतल्याशिवाय खेळू देत नाहीत. आपल्याकडं वस्तादानं ‘चट्टा बरा झाल्याशिवाय हौद्यात उतरायचं नाही’ एवढं जरी म्हटलं तरी निम्मं काम होईल. वस्तादाचं पोरं ऐकतात, माझं ऐकत नाहीत.

“चार औषधांचं मलम, तीन दिवसांत आराम”

मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य, आणि सर्वांत पटणारंही, कारण आराम खरोखर पडतो.

या मलमात एक बुरशीविरोधी औषध असतं, एक-दोन जिवाणूंविरुद्धची असतात, आणि क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखं जबर स्टेरॉइड असतं. खाज आणि लाली ही आपल्या शरीराची बुरशीविरुद्धची लढाई. स्टेरॉइड लढणाऱ्यालाच झोपवतं. खाज थांबते, चट्टा फिका पडतो, माणूस खूश. उसातली हरळी वरून कापली की रान चार दिवस स्वच्छ दिसतं आणि खाली मुळं पसरतच राहतात, तसला हा प्रकार. मलम थांबवलं की चट्टा दुप्पट होऊन परत येतो, गोलात गोल उठतात. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. अशा चट्ट्याचं रूप इतकं पालटतं की मुरलेला डॉक्टरही पहिल्या नजरेत फसतो. जांघेत, काखेत कातडी पातळ होऊन जांभळे-पांढरे चरे पडतात आणि ते जन्मभर जात नाहीत. विशीतल्या पोरांच्या मांड्यांवर हे चरे बघायला मिळतात, आणि सांगताना ती म्हणतात, ‘सर, गुण तर आला होता की.’

गेल्या काही वर्षांत नायटा आपल्या देशात जो हट्टी झालाय, त्यात या मलमांचा हात असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सातत्यानं सांगत आलेत. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळशी संबंध असलेल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून एका नव्या जातीचं वर्णन केलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. हिच्या पुष्कळ वाणांवर टर्बिनाफिन चालेनासं झालंय. हे औषध बुरशीच्या ज्या विकरावर घाव घालतं, त्या विकराच्या जनुकातच बदल झालाय. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे अमेरिकेतले पहिले दोन रुग्ण नोंदले गेले. नायटा म्हणजे किरकोळ गोष्ट, ही समजूत आता परवडणारी नाही.

क्लोबेटासोलसारखी जबर स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ती शेड्यूल एचमध्ये घातली. तरी ती मिळतात. यात सगळा दोष मेडिकलवाल्याच्या माथी मारणं सोपं आहे. पण गिऱ्हाईक पिळून संपलेली ट्यूब काउंटरवर आपटून ‘हेच दे, दुसरं नको’ म्हणतं तेव्हा नाही म्हणणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो. तुमच्या हातात एवढं आहे: ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ‘सोल’ किंवा ‘सोन’ शेवट असलेली क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते नायट्याचं मलम नव्हे. बराच काळ लावत असाल तर एकदम सोडण्याआधी डॉक्टरांशी बोला, सोडल्यावर चट्टा काही दिवस भडकतो.

आणि आधी खात्री करा. चट्ट्याची कड खरवडून तो भुसा स्लाइडवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, केराटिन विरघळतं आणि बुरशीचे फांदीदार धागे तेवढे उरतात. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, थोड्या वेळात उत्तर मिळतं, खर्च एका ट्यूबपेक्षा फार नाही. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात केस पेपर काढून त्वचा विभागात दाखवता येतं. रांग असते, ती असणारच.

“डॉक्टरच्या गोळ्यांनी लिव्हर जातं”

ही भीती कुठून आली ते समजू शकतं. केटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्यांनी काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा झाली, म्हणून २०१३ मध्ये युरोपानं त्या थांबवल्या आणि अमेरिकेनं त्यांच्यावर कडक बंधनं घातली. केटोकोनॅझोलचा शाम्पू आणि मलम मात्र चालतात, ती रक्तात फारशी जात नाहीत. नायट्यासाठी आज ज्या टर्बिनाफिनच्या गोळ्या देतात, त्यांनी यकृताला ठळक इजा होण्याचं प्रमाण पन्नास हजार ते सव्वा लाखात एक असं सांगतात. ज्याला आधीच कावीळ किंवा यकृताचा आजार आहे, जो रोज दारू घेतो, त्यानं ते डॉक्टरला आधी सांगावं. गरज वाटली तर ते रक्त तपासतील.

त्यापेक्षा जास्त काळजी औषधांच्या आपसातल्या भांडणाची करा. फ्लुकोनॅझोलमुळं रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडचा जोर वाढतो. इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं आणखी एक औषध हृदय कमजोर असलेल्यांना जपून द्यावं लागतं, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही, आणि त्याच्या कॅप्सूल जेवणानंतर घ्यायच्या असतात. वरून ॲसिडिटीची गोळी घेतली तर त्या नीट शोषल्याच जात नाहीत. तांबडा रस्सा हाणून रोज ॲसिडिटीची गोळी टाकणाऱ्यांच्या गावात हे सांगावंच लागतं. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर उपचार काही काळ चालू ठेवायला सांगतात. अर्ध्यात सोडणारेच परत येतात. पायाच्या नखाला तर गोळ्या साधारण बारा आठवडे आणि नवं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष.

“कांद्यावरची काळी पूड, तीच काळी बुरशी”

नाही. ती ॲस्परजिलस नायगर. वरचा पापुद्रा काढा, कांदा धुवा, वापरा. आतून सडला असेल तरच फेका. हा दावा २०२१ मध्येही फिरला होता. त्या वर्षी देशात म्युकरचे ४५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढं. कारण कांद्यात नव्हतं. अनियंत्रित मधुमेह आणि कोरोनासाठी दिलेली, बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त दिलेली स्टेरॉइडं, ही मुख्य कारणं. रक्तात आम्ल वाढलं की लोह मोकळं होतं आणि रायझोपसला लोहाची फार हाव. तिचे बीजाणू हवेत, मातीत, शिळ्या भाकरीवर सगळीकडं असतात. निरोगी नाक रोज त्यांचा निकाल लावतं. शरीरात वाढताना ती बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्या बुजवते, तिथलं मांस मरतं आणि काळं पडतं. एका माणसाकडून दुसऱ्याला ती लागत नाही. मधुमेही माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू दुखू लागली, गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला, दोन-दोन दिसू लागलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

कांद्यावरची ती ॲस्परजिलस मात्र अगदीच साधी नाही. रंकाळ्यात, पंचगंगेत पोहून कानात काडी फिरवणाऱ्यांच्या आणि कानात तेल घालणाऱ्यांच्या कानात ती वाढते. कान गच्च होतो, खाजतो, आत भिजल्या कागदासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके.

“डोळ्यात जुने ड्रॉप टाका”

हे वाचून खरंच राग आला. ऊसतोडीच्या दिवसांत पाल्याची धारदार कड बुबुळावर घासते. जखम केसाएवढी, पण तिच्यातून फ्युझेरियम किंवा ॲस्परजिलस आत जाते, कारण पाल्यावर आणि मातीत त्या असतातच. पहिले एक-दोन दिवस नुसतं टोचतं, पाणी येतं. मग डोळा लाल, उजेड सहन होत नाही, बुबुळावर करडा-पांढरा डाग दिसू लागतो. दक्षिण भारतात बुबुळाच्या जंतुसंसर्गांमध्ये बुरशीचा वाटा जवळपास निम्मा असतो, आणि बुरशीचा डाग उशिरा दाखवला तर बुबुळ बदलण्यापर्यंत वेळ येते. कधी डोळाच जातो.

घरातले ‘जुने ड्रॉप’ म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली, आणि तिच्यात स्टेरॉइड असतं. नायट्याच्या मलमात जो घोळ होतो तोच इथं होतो, फरक इतकाच की इथं तो कातडीवर नसून बुबुळात होतो. लाली उतरते, माणूस पुन्हा फडात जातो, आणि बुरशी आत खोल उतरते. एरंडेल, मध, आईचं दूध हेही डोळ्यात घालायचं नाही.

योग्य औषध आहे आणि ते जुनं आहे: नाटामायसिनचे ५ टक्क्यांचे थेंब. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोल या नव्या, महागड्या औषधापेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युझेरियमवर. आधी डागाचा नमुना खरवडून तपासतात, मग सुरुवातीला तासातासाला थेंब. हे औषध बाटलीत तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक वेळी हलवूनच टाकायचं. बरं व्हायला आठवडे लागतात, थेंबाचा पांढरा साका डोळ्यात दिसतो, तो बघून घाबरायचं नाही.

टोळीत चष्मे वाटले तर घामानं धुकट होतात म्हणून कुणी घालत नाही, ही अडचण खरी आहे. दोन्ही बाजूंनी हवा खेळणारे, कडेला जाळी असलेले चष्मे मिळतात, ते तरी मुकादमानं घ्यावेत. आणि पाला लागलाच तर डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्यानं धुवायचा, त्याच दिवशी डोळ्याच्या दवाखान्यात दाखवायचा. घरातल्या बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बेटामेथासोन लिहिलं असेल तर ती बाटली आजच कचऱ्यात टाका.